कंपनीतली आग विझली, पण जळका कचरा आणि काळं पाणी उचलायची जबाबदारी कोणाची?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या मागेच एमआयडीसी आहे, तिथल्या एका केमिकल कंपनीला गेल्या आठवड्यात आग लागली. माणसं सगळी वाचली हे सगळ्यात मोठं. पण बंब गेले, टीव्हीवाले गेले आणि आता आत जळके ड्रम, वितळलेल्या गोण्या, छताच्या सिमेंट पत्र्यांचे तुकडे असा ढीग तसाच पडलाय. मागच्या पावसाळी गटारात कोऱ्या चहासारखं पाणी साचलंय, वर तेलाचा तवंग, खिडकी उघडली की घसा खवखवतो. काल दोन पोरं पायात चपला, तोंडाला रुमाल, फावड्याने तो माल टेम्पोत भरत होती, विचारलं तर म्हणाली भंगारवाल्याने पाठवलंय. हे असं चालतं का? कायद्याने हा कचरा कुठे जायला पाहिजे आणि आम्ही रहिवाशांनी नेमकं काय मागायचं? घरात लहान मुलं आहेत म्हणून जास्त काळजी वाटते.

तारापूर_सेफ्टी:
ताई, आधी तो टेम्पो थांबवा. पोलिसांना फोन करा आणि एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) रिजनल ऑफिसला ईमेल टाका, गाडीचा नंबर दिसेल असा फोटो जोडा. केमिकल लागलेला रिकामा ड्रमसुद्धा 2016 च्या घातक कचरा नियमांत घातक कचराच आहे, शेड्यूल 1 मध्ये 33.1 नंबरला सरळ लिहिलंय. तो भंगारात गेला की कुठेतरी धुवून, कापून, पाणी साठवायला विकला जातो, हे मी डोळ्याने बघितलंय आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

जबाबदारी कंपनीच्या मालकाची, नियमात त्याला ऑक्युपायर म्हणतात. अपघात झाला की त्याने बोर्डाला लगेच फोन किंवा ईमेलने कळवायचं आणि मग फॉर्म 11 मध्ये रिपोर्ट द्यायचा. माल जायला पाहिजे अधिकृत टीएसडीएफला, म्हणजे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राला, आपल्याकडे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत. तिथे आधी सॅम्पल तपासतात, मग ठरतं की जाळायचं, चुना वगैरे घालून स्थिर करून सिक्युअर्ड लँडफिलमध्ये (गळती होऊ नये अशा बंदिस्त खड्ड्यात) पुरायचं की आणखी काही. प्रत्येक गाडीबरोबर फॉर्म 10 चा मॅनिफेस्ट (माल कुठून कुठे गेला याची पावती) लागतो, सात प्रती, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि माल पोचला की घेणारा त्यातली निळी प्रत सही करून कंपनीकडे परत पाठवतो. तुम्ही तीच मागा. "माल उचलला" या तोंडी उत्तराला काही किंमत नाही, निळी प्रत दाखवा म्हणा.

बंबावरचा:
मी फायर सर्व्हिसमध्ये आहे, आमच्या बाजूने थोडं सांगतो. आग विझली म्हणजे ढीग शांत झाला असं नसतं. पेरॉक्साइडसारखा माल आत कुठे दबलेला असेल तर नंतरही तापून पेटू शकतो, म्हणून फुगलेल्या ड्रमला कोणी हात लावू नये, लांबून पाणी मारत थंड ठेवायचा आणि जाणकाराला बोलवायचं. दुसरं म्हणजे सांडलेल्या केमिकलवर घाईत लाकडाचा भुसा टाकतात, ऑक्सिडायझर (आगीला ऑक्सिजन पुरवणारं केमिकल) असेल तर तो भुसाच पेट घेतो, त्यामुळे कोरडी वाळू बरी आणि तीसुद्धा सेफ्टी डेटा शीट (त्या केमिकलच्या धोक्यांचा माहितीपत्रक) बघूनच. आणि ते जुने सिमेंटचे पत्रे, त्यात ॲस्बेस्टॉस असतो, आगीत तडतडून फुटतात आणि बारीक तंतू हवेत जातात. कोरडा झाडू अजिबात मारू नका, ओले करून जाड पिशवीत बंद करायचे.

बाझलचा_मराठी:
मी स्वित्झर्लंडमध्ये बाझलला राहतो, तिथून श्वाइझरहाले जवळच आहे, म्हणून लिहितोय. 1 नोव्हेंबर 1986 ला रात्री तिथलं सँडोझ या केमिकल कंपनीचं गोदाम जळालं, आत साधारण 1350 टन केमिकल, बहुतेक शेतीची औषधं. आग काही तासांत आटोक्यात आली, पण पाणी अडवायला हौदच नव्हता, मग विझवायला मारलेलं हजारो घनमीटर पाणी केमिकल घेऊन ऱ्हाइनमध्ये गेलं, रंगामुळे नदी लाल झाली आणि पुढे शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले, ईल तर जवळपास दीड लाख. खाली जर्मनी, हॉलंडमध्ये नदीतून पिण्याचं पाणी उचलणं थांबवावं लागलं. मग तळाचा विषारी गाळ काढा, जागेची माती साफ करा, ते काम खूप लांबलं. त्यानंतर इथल्या कंपन्यांनी आगीचं पाणी अडवायला मोठे हौद बांधले. तुमच्या गटारातलं पाणी म्हणजे तेच पाणी आहे हो, ढिगापेक्षा आधी त्याच्यामागे लागा.

खाडीकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. टेम्पो आज आला नाही, ईमेल केलाय, नगरसेवकांनाही सांगितलंय. एक प्रश्न, ते गटार पुढे नाल्याला आणि नाला खाडीला मिळतो, मग पाणी सीईटीपीत, म्हणजे एमआयडीसीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, सोडलं तर चालेल का? कंपनीचा माणूस तसंच म्हणतोय. आणि आमच्या बोअरवेलचं काय?

तारापूर_सेफ्टी:
तपासल्याशिवाय सीईटीपीत अजिबात नाही. तिथे घाण खाणारे जिवाणू असतात, हे पाणी एकदम आत गेलं तर ते मरतात आणि मग सगळ्या एमआयडीसीचं सांडपाणी नीट साफ न होता पुढे जातं. आधी पीएच, सीओडी (पाण्यातली घाण किती ते दाखवणारं माप), फेनॉल आणि कंपनीत जो माल होता त्याप्रमाणे टेस्ट, तोपर्यंत टँकरने उपसून टाक्यांत साठवायचं. कंपनीकडून स्टॉक रजिस्टर मागायला लावा, आत काय होतं तेच माहीत नसेल तर लॅब तरी काय शोधणार. बोअरचं पाणी रिपोर्ट येईपर्यंत प्यायला, स्वयंपाकाला, आंघोळीला बंद. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं होतं का बघा, असेल तर टाकी रिकामी करून धुवा. बाल्कनीतली काजळी हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. सॅम्पल घेताना सोसायटीचे दोन जण पंच म्हणून उभे राहा, बाटली तुमच्यासमोर सील व्हायला पाहिजे.

आणि पावसाचं बघा. ढिगावर आजच जाड ताडपत्री टाकायला लावा, गटाराच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या रचायला सांगा, एक चांगली सर आली तरी सगळं नाल्यात जाईल. टेस्टचे रिपोर्ट आले की इथे टाका, बघून सांगतो.