'डबा बसवा आणि विसरा' म्हणणाऱ्यांना

सातपूरकर
काल इथे एकाने लिहिलं: "प्रायव्हेट क्लाऊडचं अप्लायन्स (आपल्याच जागेत बसवायचा तयार सर्व्हरचा डबा) घ्या, कॉल-होम चालू करा आणि विसरा. डिस्क गेली तर तुमच्याआधी कंपनीला कळतं, आयटीचा माणूस कशाला पोसायचा?" खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

कॉल-होम म्हणजे डब्याने बिघाड झाला की 443 पोर्टवरून कंपनीला पाठवलेला निरोप. फायरवॉलवाल्याने एक नियम हलवला की निरोप बंद, आणि कंपनीकडून फोन आला नाही म्हणून तुम्ही खूश. म्हणून अलार्म उलटा लावा. प्रत्येक नोडने (डब्यातल्या सर्व्हरने) दर पाच मिनिटांनी हजेरी द्यायची, सलग तीन चुकल्या की फोन वाजला पाहिजे. हजेरी घेणारं मशीन त्या क्लस्टरच्या (नोडच्या गटाच्या) बाहेर हवं. मॉनिटरिंगचं व्हीएम (आभासी मशीन) त्याच क्लस्टरवर ठेवणारे महाभाग कमी नाहीत. एसएनएमपी ट्रॅपच्या (यंत्राने आपणहून पाठवलेल्या इशाऱ्याच्या) भरवशावर तर राहूच नका. तो यूडीपीवरून जातो, म्हणजे पोच नाही; वाटेत हरवला तर पाठवणाऱ्यालाही पत्ता नसतो. रेडफिश या इंटरफेसवरून बीएमसीला (सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या छोट्या चिपला) स्वतः विचारा: इनलेट (आत शिरणाऱ्या हवेचं) तापमान, दोन्ही पीएसयू (पॉवर सप्लाय), पंख्यांचे आरपीएम, ईसीसी मेमरीने दुरुस्त केलेल्या चुका, एनव्हीएमई डिस्कचे 'पर्सेंटेज यूज्ड' (झीज) आणि 'अव्हेलेबल स्पेअर' (राखीव जागा). ईसीसीचा एकच आकडा बघून काही कळत नाही, एकाच डीआयएमएमवर (मेमरीच्या पट्टीवर) रोज वाढतोय का ते बघायचं.

गोंदे_फाटा
लेख छान. चाळीस माणसांच्या कारखान्यात हे करणार कोण, तेवढं लिहायचं राहिलं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर स्टॅक हबसारख्या डब्यात होस्टवर (मूळ सर्व्हरवर) लॉगिनच मिळत नाही. प्रिव्हिलेज्ड एंडपॉइंट या मर्यादित कन्सोलवर जा, 'टेस्ट-अझ्युअरस्टॅक' ही तपासणी चालवा, निकाल बघा, संपलं. सपोर्टवाला आधी हेच विचारतो, आत हात कुणी घातला? आणि नुकसान करतो तो हाच हौशी माणूस. बे (डिस्कचे खण) मोजताना शून्यापासून की एकपासून, यात गफलत करतो आणि शेजारची धडधाकट डिस्क ओढतो.

द्राक्षबाग
@गोंदे_फाटा, कंपनीला डिस्क दिसते, तुमच्या खोलीतला एसी दिसत नाही. नाशकात मे महिन्यात पारा चाळिशीवर जातो. महावितरणची लाईन गेली, यूपीएसने सर्व्हर धरले, डीजी (डिझेल जनरेटर) लागला, सगळे परत कामाला. स्प्लिट एसी मात्र बंदच, कारण त्याला ऑटो-रीस्टार्ट नाही आणि रिमोट सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये.

हिशोब करा. चार किलोवॅटचा लोड म्हणजे साधारण 1.14 टन, कारण एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. दहा बाय दहाच्या बंद खोलीत एसी नसेल तर तापमान चढायला फार वेळ लागत नाही. अॅशरे या वातानुकूलनाच्या अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस इनलेटला 18 ते 27 अंशांची आहे. म्हणून 27 ला मेसेज, 32 ला थेट फोन. दीड टनाचे दोन एसी लावा, टाइमरवर आलटून पालटून चालवा. आणि इनडोअर युनिट रॅकच्या डोक्यावर टांगू नका. पावसाळ्यात ड्रेनच्या पाइपात शेवाळ धरतं आणि पाणी थेंबथेंब वरच्या स्विचवर.

खड्डा_मीठ_कोळसा
सगळे एसीवर तुटून पडलेत. यूपीएसच्या आउटपुटला न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज कुणी मोजलंय? दोन व्होल्टच्या आत हवं. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी ओता, याला एएमसी (वार्षिक देखभाल करार) लागत नाही, बादली लागते.

बॅटऱ्यांचंही तेच. 192 व्होल्टच्या यूपीएसला 12 व्होल्टच्या सोळा, सगळ्या सिरीजमध्ये. एक मेली की सोळाही गेल्या. यूपीएसचा डिस्प्ले 100 टक्केच दाखवतो. दहा मिनिटं लोडवर ठेवून प्रत्येकीचं व्होल्टेज लिहून काढा, 10.5 च्या खाली जाईल ती बदला. 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं, आणि तुम्ही त्या जिन्याखाली कोंबता!

अंबड_नाईट_शिफ्ट
दोन पीएसयू आहेत म्हणून फुशारकी मारायची आणि दोन्हींच्या वायरी एकाच पीडीयूत (रॅकच्या पॉवर पट्टीत) खोचायच्या, हे पण लिहा. रॅकच्या मागे वाकून एकदा बघा. एक फीड (वीजपुरवठा) बंद केल्यावर दुसऱ्याने अख्खा लोड एमसीबी न पाडता उचलला पाहिजे.

सातपूरकर
अरे, धागा मॉनिटरिंगचा आहे! अर्थिंगचा वेगळा काढा.

@गोंदे_फाटा, कंपनीवर एवढी श्रद्धा ना? सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईच्या काही एसएएस एसएसडी डिस्कच्या फर्मवेअरमध्ये दोष होता, 32,768 तास भरले की डिस्क बंद. म्हणजे तीन वर्षं, 270 दिवस, आठ तास. सगळ्या डिस्क एकाच दिवशी बसवल्या असतील तर मरणारही जवळजवळ एकत्रच. मग रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी रचना) काय करणार? 'पॉवर ऑन अवर्स' आणि फर्मवेअरची आवृत्ती वहीत उतरवून ठेवणारा वाचतो.

गोंदे_फाटा
छान, माझ्याच बाजूचं उदाहरण मला! नोव्हेंबर 2019 मध्ये ही सूचना काढली कुणी? एचपीईनेच. तुमच्या वहीने नाही.

सातपूरकर
सूचना काढली, बरोबर. गेली कुठे? डबा घेताना जो मेल पत्ता नोंदवला त्यावर, आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला. पत्ता वैयक्तिक नको, गटाचा ठेवा.

आणि तीन नोडवाल्यांनी रिकामी जागा मोजायला शिका. प्रत्येकी दहा टीबी म्हणजे तीस, तीन प्रती म्हणून हातात दहा. सेफमध्ये (सगळ्या नोडच्या डिस्क एकत्र वापरणारं स्टोरेज सॉफ्टवेअर) 85 टक्क्यांना 'निअरफुल'चा इशारा येतो, म्हणजे साडेआठ. 95 ला लिहिणंच थांबतं. मेमरीचंही तसंच. तिन्ही नोड 66 टक्क्यांच्या वर गेले की एक रिकामा करता येत नाही आणि फर्मवेअर अपडेट लटकतं. देखभालीआधी सेफला 'नोआउट' (कुणाला बाद करू नकोस) हा झेंडा लावा, नाहीतर 600 सेकंदांनी बंद नोडच्या ओएसडी (प्रत्येक डिस्क सांभाळणाऱ्या प्रक्रिया) आउट, म्हणजे बाद होतात आणि चार-पाच नोडच्या क्लस्टरमध्ये डेटाची फुकटची हलवाहलव सुरू होते. काम झाल्यावर तो काढायला विसरू नका. विसरलात तर पुढची खरी मेलेली डिस्क आउट होतच नाही.

द्राक्षबाग
घड्याळाचं राहिलं. सेफच्या मॉनिटरांच्या (क्लस्टरचा हिशोब ठेवणाऱ्या प्रक्रियांच्या) घड्याळांत 0.05 सेकंदाहून जास्त फरक पडला तरी सेफ ओरडतं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळवा, आणि लॉग 180 दिवस ठेवा.

गोंदे_फाटा
बरं बाबा, एसीचं मान्य, ते कंपनीला खरंच दिसत नाही. मेल पत्त्याचंही. बाकी तुम्ही सगळे मिळून एक माणूस नेमा, पगार मी देतो, खड्ड्यात पाणीही तोच ओतेल. डिस्क मात्र मी कंपनीच्याच माणसाकडून बदलून घेणार.

अंबड_नाईट_शिफ्ट
घ्या. फक्त तो आला की लोकेटचा (नेमकी डिस्क दाखवणारा) दिवा लावून द्या आणि ओढण्याआधी सीरियल नंबर ताडून बघा. त्यालाही बे मोजायला शून्यापासूनच शिकवलेलं असतं असं नाही.