किडा, अळी, इल्ली की आसडी?

लोकमान्य नगर, इंदूर
मंडळाच्या अंकासाठी एका हिंदी व्याख्यानाचं मराठी करते आहे. विषय असा की प्रेतावरच्या कीटकांवरून मृत्यूचा काळ कसा काढतात. मूळ हिंदीत सगळीकडे ‘कीड़े’ आणि ‘इल्ली’ आहे. आपल्या माळव्यात इल्ली म्हटलं की आधी सोयाबीनवरची अळीच आठवते. मराठीत किडे लिहू की अळ्या? आणि शास्त्राचं नाव न्यायवैद्यक कीटकशास्त्र की न्यायसहायक?

रामबाग
अळ्या. ‘किडे पडोत’ ही शिवी म्हणून ठीक आहे, पण तपासात तो शब्द काही सांगत नाही. माशी, तिची अळी, भुंगेरा, मुंगी, सगळे किडेच. विश्वकोशी मराठीत ‘डिंभ’ही सापडेल, पण मंडळाच्या अंकात तो कोण वाचणार?

महूचा जुना जनावरांचा डॉक्टर
आमच्याकडे गाई-बैलांच्या जखमेत ‘आसडी पडते’ म्हणतात. त्याही माशीच्याच अळ्या, पण आसडी जिवंत अंगावरची. प्रेतासाठी तो शब्द वापरू नका.

खरी गंमत पुढे आहे. नुसतं ‘अळ्या’ लिहूनही भागत नाही. निळी-हिरवी चकाकणारी माशी डोळे, नाक, तोंड किंवा जखमेत अंडी घालते, तांदळाच्या कणीसारखी. उन्हाळ्यात ती दिवसाच्या आत फुटतात. अळी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था. पोट भरलं की ती प्रेत सोडून कोरड्या जागी, बहुधा मातीत जाते, आणि तिची कातडी कडक, तपकिरी होऊन कोष बनतो. माशी उडाली की रिकामं टरफल उरतं. प्रेताभोवतीची माती उकरली नाही तर सगळ्यात जुना पुरावा तिथेच राहतो! म्हणून अंडी, अळी (कितवी अवस्था), कोष, रिकामा कोष असे वेगळे शब्द ठेवा. एका जातीची माशी अंडी न घालता थेट अळ्याच टाकते, तेव्हा ‘अंडी नव्हती’ यावरून काही ठरत नाही.

सुदामा नगर (वकील)
डॉक्टरसाहेबांना दुजोरा. पंचनाम्यात ‘किडे पडलेले’ एवढंच असलं तर उलटतपासणीत त्याचं काय करायचं? ताई, एक सुधारणा सुचवतो. ‘मृत्यूची वेळ’ लिहू नका. अळीचं वय कळतं, म्हणजे माशीने अंडी कधी घातली ते. मृत्यू त्याआधीचा. किती आधीचा ते परिस्थितीवर. खोली बंद असेल, प्रेत गुंडाळलेलं असेल, तर माशी उशिरा पोचते. अंधारात ती सहसा अंडी घालत नाही. थंडीत अळी हळू वाढते, म्हणून त्या दिवसांचं तापमान लागतंच. ‘मृत्यूनंतरचा किमान काळ’ म्हणा. थोडं बोजड आहे, पण कोर्टात टिकेल.

आणखी एक. हिंदीत ‘मर्ग कायम’ असेल. त्याचं मराठी ‘अकस्मात मृत्यूची नोंद’. इंदुरात आपण सगळेच ‘मर्ग’ म्हणतो, पण अंक पुण्याला गेला तर कुणाला कळायचं नाही.

रामबाग
1247 च्या एका चिनी न्यायवैद्यक ग्रंथात विळ्याची गोष्ट आहे. गावात खून झाला. अधिकाऱ्याने सगळ्यांचे विळे जमिनीवर मांडायला लावले. रक्ताच्या वासाने एकाच विळ्यावर माशा घोंगावल्या, आणि त्या विळ्याच्या धन्याने गुन्हा कबूल केला. तिथे अळीचा पत्ताच नाही. म्हणून शीर्षकात ‘कीटक’ ठेवा, आत नेमके शब्द वापरा.

लोकमान्य नगर, इंदूर
आभार. मग ‘न्यायसहायक कीटकशास्त्र’?

सुदामा नगर (वकील)
हो. महाराष्ट्रातल्या सरकारी प्रयोगशाळेच्या नावातही ‘न्यायसहायक’च आहे. न्यायवैद्यक म्हटलं की डॉक्टर आणि पीएम (शवविच्छेदन) आलं, हे काम कीटकशास्त्रज्ञाचं.

महूचा जुना जनावरांचा डॉक्टर
नमुने गोळा करण्याचा भाग असेल तर ‘काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात, काही जिवंत पाळून माशी होऊ द्यावी’ असं पूर्ण वाक्य लिहा. हिंदीतलं ‘संरक्षित’ नुसतं उचललं तर जिवंत ठेवण्याचं राहून जाईल. अळीवरून जात ओळखणं अवघड, माशी झाली की सोपं.

लोकमान्य नगर, इंदूर
लिहिते. आता एवढंच सांगा, कोष की कोश?

रामबाग
पोटफोड्या ‘ष’ लिहिलात तर मी भांडणार नाही. शब्दकोशाला मात्र शहामृगाचा ‘श’च.