नीट ऑइलवरच्या पोरांच्या मांड्यांवर काळ्या पुटकुळ्या: जंतू की तेल?

शिरोली_शॉपफ्लोअर
ऑटो लेथवर नीट कटिंग ऑइल (धातू कापताना सोडायचं, पाणी न मिसळलेलं तेल) चालतं. तिथल्या तिघांच्या हातांवर आणि मांड्यांवर काळ्या टोकाच्या पुटकुळ्या उठल्यात, काहींत पू आहे. तोंडावर काही नाही. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) पाण्यातलं कूलंट, म्हणजे कापताना थंड ठेवणारं द्रावण आहे, तिथल्यांचे हात नुसते कोरडे पडून भेगाळतात. टाकीत जंतुनाशक टाकलं तर भागेल का?

त्वचा_ओपीडी
टाकू नका. नीट ऑइलमध्ये पाणीच नसतं, त्यामुळे जंतू फारसे वाढत नाहीत. उलट जंतुनाशकाचीच ॲलर्जी व्हायची. हा ऑइल ॲक्ने, म्हणजे तेलाने येणारी मुरुमं. तेल केसाच्या मुळाशी शिरतं, तिथली कातडी जाड होऊन तोंड बुजतं आणि काळं टोक दिसतं. पू नंतरचा. मांड्याच का, तर तेलाने भिजलेली पॅन्ट दिवसभर तिथेच घासते. कूलंटवाल्यांचं दुखणं वेगळं: ते अल्कधर्मी असतं, कातडीचा ओशटपणा धुऊन नेतं.

तेलाचा संपर्क तुटल्याशिवाय कुठलंच मलम टिकत नाही. सोबत रात्री ॲडापलीन ०.१ टक्के जेल, पातळ थर, सुरुवातीला एक दिवसाआड. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, त्याने कपड्यांचा रंग उडतो, हे सांगून ठेवा. फरक दिसायला ६ ते १२ आठवडे. पू जास्त असेल तर गोळ्या डॉक्टरच ठरवतील. मेडिकलमधून खाज-गजकर्णाची स्टेरॉइडची ट्यूब मात्र अजिबात नको, तिनेच नव्या पुटकुळ्या येतात.

उद्यमनगर_टूलरूम
आधी तिघांच्या पॅन्टचे खिसे बघा. तेलकट वेस्ट (हात-मशीन पुसायचा सुताचा गुंता) खिशात कोंबलेलं असेल तर बरोबर त्याच्याखाली मांडीवर चट्टा सापडेल. वेस्टला मशीनवर डबा लावा. स्प्लॅश गार्ड बसवा, पुढून तेल न झिरपणारा एप्रन द्या. हातमोज्यांचा मोह टाळा, फिरत्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) हातमोजा अडकला की बोटं जातात.

कपडे रोज बदलायचे. आपल्याकडच्या पावसात पॅन्ट दोन-दोन दिवस वाळत नाही आणि माणूस तीच कालची घालून येतो, म्हणून निदान तीन जोड हवेत. रॉकेल, थिनर किंवा साबणचुऱ्यात फौंड्रीची वाळू घालून हात घासणं बंद करा. त्या ओरखड्यांतून तेल आणखी आत जातं. जेवणाआधी आणि सुटीला साधा साबण, कोमट पाणी. बॅरिअर क्रीम (कामाआधी कातडीवर लावायचं संरक्षक मलम) लावलं म्हणून धुणं टळत नाही.

त्वचा_ओपीडी
एक राहिलं. काळी टोकं कानामागे आणि गालाच्या हाडांवर दिसली तर क्लोरॅक्ने या वेगळ्या प्रकारच्या मुरुमांचा विचार करावा लागतो. तो क्लोरीनयुक्त रसायनांनी, डायॉक्सिनसारख्यांनी होतो. १९७६ मध्ये इटलीत सेव्हेसोला कारखान्यातून डायॉक्सिन सुटलं, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यांवर तो उठला होता. दुर्मीळ आहे, पण संपर्क थांबूनही वर्षानुवर्षं राहू शकतो. तसं काही असेल तर तेलाच्या कॅनवरचं नाव आणि पुरवठादाराकडची सेफ्टी डेटा शीट (तेलातली रसायनं आणि धोके सांगणारा कागद) घेऊनच कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा. नुसतं 'तेल लागतं' सांगितलं तर निदान अडतं.