मदत हवी आहे: समितीच्या शाळेत लहान मुलांना शिकवायचंय, बारावीनंतर चार वर्षांचं बीए-बीएड की पीटीसी? (बडोदा)

नमस्कार सगळ्यांना. मी बडोद्याची, यंदा बारावी आर्ट्स झाले. शिक्षिका व्हायचं हे पक्कं आहे आणि घरीही आता सगळ्यांना मान्य आहे, पण कुठल्या वाटेने जायचं त्यावर रोज जेवताना चर्चा चालते आणि रोज तिथेच अडते. मला नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळेत, म्हणजे महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवायचंय, खाजगी इंग्लिश मीडियममध्ये नाही, आणि तेही पहिली ते पाचवीच्या मुलांना. प्लीज लगेच "आधी ग्रॅज्युएशन कर मग बीएड कर" असं लिहू नका, कारण अडचण तिथेच आहे. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पहिली ते पाचवीसाठी बीएड चालणार नाही, डीएलएड म्हणजे आपल्याकडचं पीटीसी, बारावीनंतरचा दोन वर्षांचा प्राथमिक शिक्षकाचा डिप्लोमा, तोच लागणार. माझ्या मावसबहिणीने बीए करून मग दोन वर्षं बीएड केलं, तिलाही लहान मुलंच आवडतात, पण आता तिला टेट-२ देऊन सहावी ते आठवीच मिळू शकते (टेट म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, टेट-१ पहिली ते पाचवीसाठी, टेट-२ सहावी ते आठवीसाठी).

आणि दुसरीकडे २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतं की २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पदवी चार वर्षांची इंटिग्रेटेड बीएड असणार. त्याला आयटेप म्हणतात, बारावीनंतर डायरेक्ट, त्यासाठी एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते ती एनसीईटी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती १३ भाषांत होते आणि त्यात मराठी गुजराती दोन्ही आहेत. मग आज पीटीसी केलं तर ते पुढे जुनं ठरणार का? पप्पांना हीच भीती आहे. आई म्हणते गांधीनगर किंवा भोपाळला हॉस्टेलवर राहून चार वर्षं शिकायचं आणि मग विद्यासहायक म्हणजे सरकारी शाळेतली नवी शिक्षिका म्हणून पाच वर्षं फिक्स पगारावर काढायची, त्यापेक्षा इथेच घरी राहून पीटीसी कर. दोघांचंही मला पटतं म्हणून तर इथे विचारतेय.

पण माझा खरा प्रश्न नोकरीच्या पुढचा आहे. मी आणि माझी मैत्रीण गोत्रीकडे एका बिल्डिंगच्या साईटवर संध्याकाळी मुलांना शिकवायला जातो. दाहोद, छोटा उदेपूरकडून आलेल्या मजुरांची मुलं जास्त, त्यांच्या घरी भिली नाहीतर राठवी बोलतात, थोडी खानदेशातली आहेत, दोन भाऊ बिहारचे, आणि शाळेत सगळ्यांना गुजराती. तिसरीतली एक मुलगी फळ्यावरचं अख्खं पान सुंदर अक्षरात वहीत उतरवते, पण त्यातलाच "पाणी" हा शब्द वाच म्हटलं तर माझ्याकडे बघत बसते. बरं ती हुशार नाही असं अजिबात नाही, साईटवरच्या सगळ्यांच्या भाज्यांचा हिशोब तोंडी करते. होळीला ही सगळी गावी जातात, परत येतात तेव्हा साईट दुसरीकडे गेलेली असते आणि शाळाही सुटते. ज्या राज्यात सयाजीरावांनी १८९३ ला अमरेलीत सुरुवात करून १९०६ ला सगळीकडे सक्तीचं प्राथमिक शिक्षण केलं, त्याच्या राजधानीत तिसरीतल्या मुलीला वाचता येत नाही हे मला बघवत नाही, खरंच.

तर मला असं शिकायचंय की एका वर्गात चार भाषा असल्या तर वाचायला कसं शिकवायचं, मधेच आलेल्या मुलाला कुठून सुरू करायचं, आईवडील दिवसभर कामावर असतात तर त्यांच्याशी कधी आणि कसं बोलायचं. मावसबहिणीच्या दुसऱ्या वर्षाची १६ आठवड्यांची इंटर्नशिप एका चांगल्या खाजगी शाळेत गेली, पाठाची फाईल, चार्ट, निरीक्षण सगळं नीट झालं पण असा वर्ग तिने पाहिलाच नाही. असं शिकवणारा कोर्स कुठला? कुणी स्वतः केलाय का? आणि आयटेप केलं तर टेट-१ ला बसता येतं का?

— गोत्रीची_मी

*

अगं बाळा, मी समितीच्या शाळेतून रिटायर झाले, म्हणून थोडं मोठं लिहिते. पीटीसी जुनं ठरेल ही भीती पप्पांनी सोडावी. पीटीसी दोन वर्षांचं, त्यानंतर इग्नूतून किंवा बाहेरून बीए कर. पीटीसी आणि पदवी दोन्ही असलं की एनसीटीईच्या (शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) नियमाने सहावी ते आठवीलाही चालतं, म्हणजे टेट-१ आणि टेट-२ दोन्ही देता येतात. बीएडवाल्यांना हे उलट्या बाजूने मिळत नाही. आणि पीटीसीला प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एकच विचार, छात्राध्यापिकांना प्रॅक्टिससाठी कुठल्या शाळेत पाठवता? समितीची शाळा म्हणाले तरच फॉर्म भर. माझ्याकडे यायच्या त्या मुली पहिला आठवडा घाबरलेल्या असायच्या, महिन्याभराने मुलं त्यांना "बेन, बेन" करत बिलगायची.

— दांडियाबाजार

*

मी भोपाळच्या आरआयईत (रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन) शिकतोय. ताई, आयटेपमध्ये एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही, ती म्हणजे स्टेज. फाउंडेशनल, प्रिपरेटरी, मिडल आणि सेकंडरी अशा चार स्टेज आहेत आणि कॉलेजला मान्यता स्टेजप्रमाणे असते. तुम्हाला तिसरी ते पाचवी हवी तर प्रिपरेटरी, पहिली दुसरी हवी तर फाउंडेशनल. सेकंडरीला ॲडमिशन घेतलं तर चार वर्षं घालवूनही तुमचा प्रॉब्लेम तोच राहील. एनसीईटीचा फॉर्म भरताना कॉलेजच्या नावापुढची स्टेज वाचा. आणि टेट-१ साठी त्या वर्षीचं गुजरातचं नोटिफिकेशन काढून त्यातली पात्रता बघा, कोचिंगवाल्यांच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

— माळवा_पोहे

*

एमएस युनिव्हर्सिटीत ह्युमन डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आहे, त्यांची चेतन बालवाडी तिथेच आहे, मी तिथे शिकले. तिथल्या डिग्रीने शिक्षकाचं लायसन्स मिळत नाही, म्हणजे तेवढ्यावर टेट देता येत नाही, पण लहान मूल कसं शिकतं हे बघायला तिथे जाऊन ये, परवानगी मागून एक सकाळ बस.

तुझ्या त्या तिसरीतल्या मुलीबद्दल. तिला पाठ्यपुस्तकातलं वाचायला देऊ नकोस सध्या. तिला बोलू दे, भाजीचा हिशोब, गावची होळी, काहीही, तिच्या बोलीत. ती बोलेल ते तिच्यासमोर गुजराती लिपीत लिही, तीन-चार वाक्यं, शब्द तिचेच ठेव. मग बोट ठेवून दोघींनी मिळून वाचा. स्वतःचं वाक्य असतं त्यामुळे पुढे काय येणार ते तिला माहीत असतं, आणि त्यातून अक्षर ओळखायला लागते. मग तेच शब्द चिठ्ठ्यांवर लिहून मिसळून दे. उतरवणं आणि वाचणं ही वेगळी कामं आहेत, शाळेत पहिलंच जास्त होतं म्हणून मुलं तिथे अडकतात.

बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंबरोबर काम करून मग बोर्डी आणि कोसबाडला गेल्या. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. साईटवरच्या मुलांसाठी तू जे करतेयस ते त्याच वाटेवरचं आहे.

— ती_मांजलपूरची

*

खूप खूप थँक्यू तिघांनाही. पीटीसी अधिक बाहेरून बीए हे पप्पांना आत्ताच वाचून दाखवलं, त्यांना टेट-१ आणि टेट-२ दोन्हीचं पटलं. मी एनसीईटीपण देणार, प्रिपरेटरी मिळालं तरच जाणार, नाहीतर पीटीसी. दांडियाबाजारच्या काकू, कुठल्या पीटीसी कॉलेजच्या मुली समितीच्या शाळेत येतात ते व्यनित, म्हणजे खाजगी निरोपात, सांगाल का? आणि ती लिहून वाचायची रीत उद्या करून बघते, राठवीतले काही आवाज गुजराती लिपीत कसे लिहायचे ते मात्र कुणीतरी सांगा.

— गोत्रीची_मी