प्रति: मोफत ठेवून घेतात, मग तक्रार कसली?

वरच्या एका प्रतिसादात म्हटलंय की धार्मिक संस्था मानसिक त्रासातल्या मुलींना मोफत ठेवून घेतात, मग तक्रार कसली? ऑस्ट्रेलियातल्या मर्सी मिनिस्ट्रीज या ख्रिस्ती संस्थेचं प्रकरण जरूर बघा. मूळ संस्था अमेरिकेतली, १९८३ची. खाण्याचे विकार, स्वतःला इजा करून घेणं, नैराश्य अशा त्रासातल्या तरुण मुलींना कित्येक महिने निवासी ठेवायचं. जाहिरातीत सगळं विनामूल्य आणि मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ दिमतीला! प्रत्यक्षात मुलींना मिळणारा सरकारी भत्ता संस्थेकडे वळवला जायचा. आणि उपचार? प्रामुख्याने बायबल आणि प्रार्थना. भूतबाधा उतरवण्याचे प्रकार झाल्याचंही काही माजी मुलींनी २००८ साली वर्तमानपत्राला सांगितलं.

पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक संरक्षण आयोगाने माजी संचालकांना माफी मागायला आणि नुकसानभरपाई द्यायला लावलं. म्हणजे कारवाई झाली ती दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल, उपचारांबद्दल नव्हे. मला तरी हे फार बोचतं.

श्रद्धेने काहींना खरंच उभारी मिळते, ते नाकारत नाही. पण कुणाला पाठवायचं ठरलंच, तर आधी तिथे नोंदणीकृत मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि मुलीला मनात येईल तेव्हा घरी फोन करता येतो का, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर तिथूनच परत फिरा.