मदत हवी आहे: मीटिऑर ३५० ला टूरिंग सीट नवी घ्यावी, की आहे तीच भरून घ्यावी?

मंडळी, नमस्कार.

गाडी रॉयल एनफील्ड मीटिऑर ३५०, फायरबॉल. चालवणारा मी, उंची ५ फूट ५ इंच. मागे बायको. दिवाळीनंतर कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरी आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने विजयदुर्ग, मालवण करत गोव्यापर्यंत जायचं ठरतंय. त्याआधी सीटचा प्रश्न सोडवायचाय.

त्रास काय होतो ते आधी नीट सांगतो, कारण नुसतं ‘सीट कडक आहे’ म्हटलं की जो तो मऊ फोम सुचवतो. मला पहिला तासभर काहीच जाणवत नाही. मलकापूर मागे पडलं की माकडहाडाच्या टोकाशी ठणका सुरू होतो आणि साखरपा येईपर्यंत मी सीटवर पुढे-मागे सरकत असतो. मीटिऑरसारख्या क्रूझरवर पाय पुढे असतात. खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर भार टाकून चटकन अंग उचलता येत नाही, सगळा दणका बुडाखालून कण्यात जातो. आधीच्या १५० सीसीच्या गाडीवर सीट याहून पातळ होती, तरी हा त्रास नव्हता, कारण तिथे पाय अंगाखाली असायचे.

बायकोचा त्रास वेगळा आहे आणि खरं तर हा धागा तिच्यासाठीच काढलाय. मागे एकदा तिची कंबर धरली होती, मणक्यातली गादी सरकल्याचं निदान झालं होतं. आता बरी आहे. डॉक्टरांनी गाडीवर बसायला हरकत नाही म्हणून सांगितलंय, फक्त दर तासाला उतरून चालायचं. पण घाट उतरताना ब्रेक लागला की ती माझ्या पाठीवर येते, चढाला मागे जाते आणि मागे टेकायला काहीच नाही. मीटिऑरच्याच सुपरनोव्हा मॉडेलला कंपनीतूनच बॅकरेस्ट आणि काच आली होती, फायरबॉलला नाही. सारखं स्वतःला सावरून धरण्यातच तिची कंबर आखडते.

आतापर्यंत काय पाहिलं: कंपनीची ॲक्सेसरीतली टूरिंग सीट शोरूमला बसून पाहिली. चांगली वाटली, पण पाच मिनिटं बसून सगळ्याच सीटा चांगल्या वाटतात. मग उद्यमनगरात एका कुशनवाल्याकडे गेलो. त्यांनी मागच्या सीटच्या कोपऱ्यातल्या चार-पाच पिना उचकटून रेक्झिन मागे सारलं. आत साच्यात ओतलेला एकसंध फोम, कडेला कठीण, मध्ये अंगठा दाबला की लगेच खालचा प्लॅस्टिक बेस लागतो. ‘वरून दोन इंच मऊ टाकून देतो’ म्हणाले. मला तेच नकोय असं वाटतंय, पण मग नेमकं काय सांगायचं त्यांना, हे कळत नाही. तिसरा पर्याय वरून बांधायचं हवेचं किंवा जेलचं कुशन.

मीटिऑरची सीट ७६५ मिमी उंचीवर आहे. माझे दोन्ही पाय सपाट टेकतात, त्यामुळे थोडी उंची वाढली तरी चालेल. पण गाडी १९१ किलोची, मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा. ओल्या चिऱ्यावर पाय टेकताना पंजाच तेवढा लागावा, असं नको आहे. ज्यांनी स्वतः हे काम करून घेतलंय त्यांचा अनुभव हवाय. फोम कोणता, किती जाड, आणि दोघांची सीट एकदमच करावी का?

——

सह्यभटक्या:

दोन इंच मऊ अजिबात टाकू नका. मऊ फोम शोरूमसाठी चांगला. तासाभरात तो बसतो आणि हाडं पुन्हा बेसवर येतात, वर उंची मात्र वाढलेली राहते. आपलं वजन बसण्याच्या दोन हाडांवर असायला हवं, माकडहाडावर नाही. तुमचं माकडहाड दुखतंय याचा अर्थ तुम्ही मागे झुकून, कंबर गोल करून बसताय. सीटचा खोलगट भाग तुमच्या उंचीला मागे पडत असेल तर तसंच होणार. हँडल थोडं जवळ घेता येतंय का तेही बघा.

घरी एक करून पाहा. खोक्याचा नालीदार पुठ्ठा दगडी पायरीवर ठेवा आणि गाडीवर बसता तसे पाय घेऊन त्यावर दोन मिनिटं बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील, त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. वहिनींचंही मोजा, बायकांचं सहसा जास्त भरतं. दोन्ही खळगे सीटच्या सपाट भागावर यायला हवेत. एक जरी उतरत्या कडेवर येत असेल तर फोम कितीही भारी घाला, उपयोग नाही.

कुशनवाल्याला असं सांगा: खाली रिबॉन्डेड, म्हणजे तुकडे दाबून केलेला तो रंगीबेरंगी कडक फोम. त्यावर ४० डेन्सिटीचा (घनतेचा) एचआर, म्हणजे दाबला तरी लगेच उसळून येणारा फोम. अगदी वर हवा असेल तर अर्धा इंच मऊ, त्याहून जास्त नाही. मेमरी फोमचा जाड थर नको, थंडीत पहाटे तो दगड होतो आणि दुपारच्या उन्हात ढिला पडतो. जेलचंही तसंच, गाडी उन्हात लावून जेवायला गेलात की परत बसवत नाही.

——

टाकीफुल्ल:

सीट उघडण्याआधी मागचे शॉकअप बघा. मीटिऑरला प्रीलोडच्या, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, ६ पायऱ्या आहेत. एकट्याच्या सेटिंगवर दोघं आणि सामान घेऊन फिरलात तर शॉकअप आधीच निम्मे दबलेले असतात आणि मोठ्या खड्ड्यात तळाला जातात. तो दणका सीट थांबवू शकत नाही. प्रीलोड दोन्ही बाजूंना सारखाच ठेवायचा. मागच्या टायरची हवाही दोघांच्या हिशेबाने चेनगार्डजवळच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये बघून भरा, पंपवाल्याच्या अंदाजाने नको.

——

मागच्या सीटवरून:

दादा, वहिनींसाठी धागा काढलात हे फार बरं केलंत. मी कायम मागेच बसते. बहुतेकदा चालवणाऱ्याची सीट आधी होते आणि मागच्या सीटला उरलेला फोम लागतो. तुम्ही उलटं करा, पैसे आधी तिकडे घाला.

मागच्या सीटचा उतार बघा. पुढे उतरती असेल तर ब्रेकला सरकणारच. पुढची कड नुसती १०-१२ मिमीने उचलून घेतली तरी फरक पडतो. सीटची रुंदी वाढवताना मांडीखालची पुढची कड मात्र गोल ठेवायला सांगा. ती चौकोनी राहिली की मांडीची शीर दाबून पाय बधिर होतात. सीट उंच झाली तर वहिनींचे गुडघे कमी दुमडतात, ते चांगलंच. पण डोकं तुमच्या हेल्मेटच्या वर गेलं तर सगळा वारा त्यांच्या छातीवर येतो. एक इंचाच्या वर जाऊ नका.

आणि बॅकरेस्ट घ्याच. कंबर धरून गेलेल्या माणसाला फोमपेक्षा टेकू महत्त्वाचा. तो कमरेच्या खालच्या खोबणीत लागायला हवा. खांद्याच्या पात्याखाली लागणारा उंच टेकू दिसायला छान, पण प्रत्येक गचक्याला पाठीवर थाप मारतो. बॅकरेस्ट बसवण्यासाठी मागचं धरायचं हँडल काढू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मागे बसणाऱ्याला धरायला कायमचं हँडल, फूटरेस्ट आणि साडीगार्ड असणं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२३ व्या नियमानुसार सक्तीचं आहे. नियम बाजूला ठेवला तरी आंबा घाटाच्या वळणांवर हाताला ते लागतंच.

——

धागाकर्ता:

तिघांचेही मनापासून आभार. पुठ्ठ्याचा प्रयोग काल रात्री दोघांनी केला. तिचे खळगे माझ्यापेक्षा चांगले बोटभर लांब आले, आणि मागच्या सीटवर पुठ्ठा ठेवला तर दोन्ही कडेच्या उतारावर जातात. म्हणजे ती इतके दिवस उतारावर बसत होती. हे कळल्यावर नवी सीट घ्यायचा विचार बाजूला ठेवला, कारण तयार सीट तिच्या मापाची असेलच असं नाही. मागची सीट रुंद करून घेणार, पुढची फक्त खोलगट भाग थोडा पुढे आणून. प्रीलोडही दोघांच्या हिशेबाने वाढवून घेतला.

दोन शंका उरल्या. किनाऱ्यावर अवकाळी पावसाची शक्यता असते, पाणी आत जाऊ नये म्हणून काय करायचं? आणि हवेचं कुशन वरून ठेवावं का?

——

सह्यभटक्या:

पाणी शिलाईच्या भोकांतून जातं. त्यामुळे बसायच्या जागी आडवी शिलाई नको, सगळ्या शिलाया बाजूच्या उभ्या भागात घ्यायला सांगा. हल्ली चौकटी-चौकटीची डिझायनर शिवण सगळे दाखवतात, ती पावसात फोम भिजवते आणि मग दोन दिवस ओल्यावर बसावं लागतं. रेक्झिनखाली पातळ प्लॅस्टिकचा कागद घाला. बेसला खालून पाणी निचरायची भोकं असतात, ती चिकटवाच्या थराने बुजवू देऊ नका. बेसखालचे रबरी गुटके सगळे परत बसलेत का ते मोजून घ्या. एक जरी गेला तर सीट लॉक होते पण हलत राहते आणि बेस तडकतो.

हवेचं कुशन मागे चांगलं चालतं, पण हवा अगदी कमी ठेवायची. वहिनी बसल्यावर खालची सीट बोटभरच दूर राहायला हवी. जास्त भरलं की फुगवलेल्या ट्यूबवर बसल्यासारखं डुलत राहतं आणि वळणावर मागचं वजन हलतं. पट्टे सीटखालून घट्ट बांधा, टोकं चाकाकडे लोंबकळू देऊ नका.

एक महत्त्वाचं: कव्हर पक्कं करू नका. आधी फोम घासून आकार द्यायला सांगा, जुनंच रेक्झिन थोड्या पिनांवर ताणून लावा आणि दोघं आंबा घाटापर्यंत जाऊन या. जिथे टोचेल तिथे खडूने खूण करा, परत आल्यावर तेवढंच घासून मग नवीन कव्हर शिवा.

——

धागाकर्ता:

उद्यमनगरातल्या काकांशी आज बोललो. आधी कच्चं बसवून द्यायला ते तयार आहेत, शनिवारी सीटा सोडतोय. शिवण बाजूला घ्यायचं त्यांनी स्वतःहून सांगितलं, त्यामुळे काम त्यांच्याकडेच देतो. फायरबॉलला सुपरनोव्हाची बॅकरेस्ट ब्रॅकेटसकट कुणी बसवली असेल तर कोणते नटबोल्ट वेगळे लागले आणि हँडल जागेवर राहिलं का, तेवढं इथे लिहा. कोल्हापूर-सांगली भागात कुणाकडे अशी बॅकरेस्ट पडून असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, येऊन घेऊन जाईन.