अळीची ‘शीतनिद्रा’ म्हणावं का?

शब्दवेडी : कीटकांवरचा लेख मराठीत आणतेय. ‘डायपॉज’ला, म्हणजे कीटकाची वाढ काही काळ थांबते त्या अवस्थेला, शीतनिद्रा लिहिलं तर चालेल? शाळेतल्या पुस्तकातला बेडूक आठवला, म्हणून तोच शब्द सुचला.

पऱ्हाटीवाला : नको. आमच्याकडे कपाशीवरची गुलाबी बोंडअळी ‘सुप्तावस्थेत जाते’ असंच म्हणतात. जिनिंगच्या आवारातली सरकी चाळून बघा. दोन दाणे एकमेकांना चिकटवून अळी आत बसलेली सापडेल. नखाने उकललं तर जेमतेम वळवळते. खात नाही, कोषावस्थेतही जात नाही. बाहेर एप्रिलचं ऊन तापलेलं असतं, यात शीत कुठंय?

किडेमुंगी : ‘निद्रा’ही खटकते. गारठ्याने आखडलेला किडा ऊब मिळाली की लगेच हलतो. डायपॉजचं तसं नाही. तो वाईट दिवस यायच्या आधीच ठरतो, आणि खूण असते दिवस आखूड होण्याची. गारठा फार तर त्याला हातभार लावतो. टेक्सासमध्ये 1960च्या दशकात याच बोंडअळीवर प्रयोग झाले, तेव्हा दिवसाच्या लांबीची ही सीमा 13 तासांच्या आसपास निघाली; दिवस त्याहून आखूड झाला की अळी सुप्तावस्थेकडे वळते. नागपूरला जूनचा दिवस सव्वातेरा तासांहून मोठा, डिसेंबरचा अकराच्या आत. म्हणून तर डिसेंबरपर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं उपटा, तीच झाडं राखून पुढे फरदडीचं पीक घेऊ नका असं सांगतात. उशिराच्या बोंडांतल्या अळ्याच पुढच्या हंगामाचं बेणं.

शब्दवेडी : मग ‘उपरती’? संस्कृतात थांबणं हाच अर्थ आहे की.

पऱ्हाटीवाला : बोंडअळीला उपरती झाली तर आम्ही पेढे वाटू!

किडेमुंगी : 😄 सुप्तावस्थाच ठेवा. बियाण्यालाही तोच शब्द आहे, पण संदर्भाने कळतं. ‘फोटोपीरियड’ला मात्र ‘प्रकाशकाल’ वगैरे घडवत बसू नका. पंचांगात ‘दिनमान’ आयता आहे : सूर्योदय ते सूर्यास्त.

शब्दवेडी : वाचकाला राशिभविष्य वाटेल ना? पेपरात ‘आजचं दिनमान’ म्हणजे तेच.

किडेमुंगी : पहिल्यांदा ‘दिनमान, म्हणजे दिवसाची लांबी’ असं लिहा, पुढे नुसतं दिनमान. सीमेला ‘निर्णायक दिनमान’. आणि ‘दिनमान घटलं की सुप्तावस्था’ असा सरसकट नियम करू नका. रेशीमकिड्याचं उलटं आहे. मादी स्वतः अंड्यात असताना तिला मोठा दिवस आणि ऊब मिळाली, तर तिची अंडी सुप्त निघतात. जपानात कोगुरे यांनी हे 1933 मध्ये दाखवलं.

शब्दवेडी : अरे, लेखात रेशमाचा परिच्छेद आहेच! ‘सुप्त अंडीपुंज’ लिहू?

किडेमुंगी : लिहा. ‘झोपलेली अंडी’ तेवढी नको.